जुमाची नक्कल

ही गोष्ट मी टाळत आलो. विसरलो होतो असं नाही — विसरलो असतो तर टाळावी कशाला लागली असती? आता वय असं आहे की माझ्या गप्पा कुणी पुऱ्या ऐकत नाही. मी बोलायला लागलो की मुलगा मोबाइल बघतो, सून ‘हो का बाबा’ म्हणत स्वयंपाकघरात जाते. म्हणून कागद बरा. शिवाय तोंडी सांगायला बसलो तर मी ही गोष्ट रंगवीन. मला रंगवून सांगायची खोड आहे, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

तर सपाट सांगतो. जमेल तितकं.

पण कुठून सुरुवात करू? आगीपासून? नको — आगीवर आलो की पुढचं सगळं सांगावंच लागेल. आधी ईरापासून करतो.

ईरा माझी नात. अल् घुब्रामधल्या आमच्या फ्लॅटपासून तिची शाळा चालत जाण्याएवढी जवळ. मुलगा इथंच मस्कतला नोकरीला, आणि मी निवृत्त होऊनही त्याच्याकडेच राहिलो, कारण आयुष्य इथंच गेलं. रत्नागिरीत आता मला ओळखणारं कोण आहे? मागच्या महिन्यात ईराला वर्गात भाषण करायचं होतं. विषय — हॉलिवूडच्या मारामारीच्या विनोदी सिनेमांत काळी माणसं, चिनी माणसं, अरब, आपण भारतीय — सगळे ठरावीक साच्यातलेच का दाखवतात. ती माझ्याकडे आली.

“आजोबा, बाबा बोलले तुम्ही ते सगळे ओल्ड मूव्हीज बघितलेत. हेल्प कराल का?”

बघितलेत? अहो, मी ते जगलो. मी खूष झालो. तिच्या लॅपटॉपवर तिनं एका सिनेमाचा तुकडा लावला होता. दोन पोलीस, एक गोरा, एक काळा, आणि गाडी उलटीपालटी होत चाललेली. गोरा शांत. काळा डोळे वटारून किंचाळतोय. ईरानं तो तुकडा थांबवला आणि विचारलं, “हा ब्लॅक माणूस नेहमी स्क्रीमच का करतो? गाडी तर दोघांची क्रॅश होते ना?”

मी तिला सांगितलं. छान सांगितलं. त्या सिनेमांत गोरा पोलीस बंदूक चालवायचा आणि काळा पोलीस तोंड चालवायचा. गोऱ्याला दुःख असायचं, काळ्याला भूक असायची. चिनी माणूस हात-पाय चालवायचा पण एक वाक्य धड बोलू शकायचा नाही. अरब आला की बॉम्ब आला. आणि आपला माणूस दुकानाच्या गल्ल्यामागे मान हलवत उभा. गोळीबार सुरू झाला की तो काउंटरखाली. ईरा भराभर टाइप करत होती. मग थांबली.

“तुम्ही हसायचे?”

“सगळेच हसायचे, बाळा.”

“सगळे नाही. तुम्ही.”

मी सुनेला हाक मारून चहा मागितला. नुकताच झाला होता.

त्या दिवसापासून माझं बसणं मोडलं आहे. पेपर घेतो, ठेवतो. गॅस बंद आहे का बघून येतो, पुन्हा जातो. एसीचा रिमोट हातात घेऊन उभा राहतो — कशाला उचलला ते आठवत नाही. मुलगा म्हणतो, “बाबा, डॉक्टरकडे जाऊया का?” डॉक्टर काय करणार?

बरं. कॅसेटी.

मी मस्कतच्या गाला भागातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये सुपरवायझर होतो. डिप्लोमा झालेला, म्हणून तिथले ओमानी लोक मला ‘मुहंदिस’ म्हणायचे — म्हणजे इंजिनीअर. मेकॅनिक बहुतेक कोकणातले, कुणी लांज्याचे, कुणी कुडाळचे. गॅरेजच्या मागेच त्यांची राहायची खोली. शुक्रवारी सुट्टी. दुपारी भात-माशाचं जेवण झालं की टीव्हीसमोर सगळे पथारी पसरायचे आणि रुवीच्या बाजारातून भाड्यानं आणलेली कॅसेट लागायची. हिंदी सिनेमे पाठ झालेले, म्हणून मग इंग्रजी मारामारीचे. पण त्यातलं इंग्रजी भरधाव — कुणाला काही कळायचं नाही. तेव्हा मी बोलायला लागलो. आवाज बंद करायचा आणि मी सगळ्यांचे संवाद मराठीत म्हणायचो. गोऱ्या पोलिसाला पुण्याच्या प्राध्यापकाचा आवाज. त्याच्या काळ्या जोडीदाराला उंच, चिरका, मालवणी आवाज — “अगे बाये माझे, मेलंय, मेलंय!” माणसं लोळायची हसून. घरापासून इतक्या लांब असलेल्या, आठवडाभर गाड्यांखाली पडलेल्या माणसांना हसताना बघणं — काय वाटायचं म्हणून सांगू? मला तेव्हा वाटायचं, मी काहीतरी चांगलं काम करतोय.

एक सांगितलं पाहिजे. त्या सिनेमांत अरब आला की मी पुढे पळवायचो. खोलीत कधी वॉचमन असायचा, कधी अर्बाबचा — म्हणजे मालकाचा — ड्रायव्हर. त्यांच्यासमोर अरबाची टर उडवायची नाही, एवढी अक्कल मला होती. म्हणजे — अक्कल होती. कुणाला काय लागतं हे मला कळत होतं. भारतीय दुकानदार आला की आम्ही म्हणायचो, ‘हा मद्राशी आहे, आपला नव्हे.’ ज्याच्यासाठी मी कधी पळवलं नाही, ज्याच्यासाठी कुठली पळवाट काढली नाही, तो एकच होता. काळा.

आणि जुमा तिथंच बसलेला असायचा.

जुमा ओमानी. त्याचं घराणं दोन पिढ्या झांझिबारला राहून परत आलेलं. घरी ते स्वाहिली बोलत. रंगानं काळा — सिनेमातल्या त्या पोलिसाइतका. आमच्याकडे गाड्या घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायचं काम त्याच्याकडे होतं, आणि पुढे त्याला फोरमन करायचं असं अर्बाबच्या मनात होतं. शुक्रवारची नमाज झाली की तो आमच्या खोलीवर यायचा, येताना हलवा आणायचा, आणि दाराजवळ उशीला टेकून बसायचा. मी त्याच्याइतका शांत माणूस पाहिला नाही. आवाज खालचा. चालणं सावकाश. गिऱ्हाईक कितीही तापलेलं असो, हा आधी त्याला बसवायचा, मग पाणी द्यायचा, मग बोलायचा. आपापसांत आम्ही त्याला ‘हबशी’ म्हणायचो. हा शब्द मी लिहितोय कारण आम्ही तो वापरत होतो. तो गाळला तर हे सगळं लिहिण्यात काय अर्थ?

एका शुक्रवारी मी सिनेमातल्या काळ्या पोलिसाकडे बोट दाखवून म्हटलं, “आता बघा, आपला जुमा काय करतो ते!” आणि पडद्यावरचा तो माणूस टेबलाखाली शिरला. खोलीत हशा फुटला. जुमाला ‘जुमा’ एवढंच कळलं. तो सगळ्यांकडे बघून हसला. मग काय — त्या दिवसापासून प्रत्येक सिनेमातला काळा माणूस जुमा झाला. मग सिनेमा नसतानाही. डबा खाताना कुणीतरी म्हणायचं, “साहेबानू, जुमा करा मा!” आणि मी डोळे बाहेर काढायचो, ओठ लोंबवायचो, गुडघे कापवायचो, तो चिरका आवाज काढायचो. जुमा असा कधीच बोलत नव्हता, चालत नव्हता, घाबरत नव्हता. पण तुम्ही त्या पोरांना विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की हुबेहूब जुमा.

‘तोही हसायचा’ — हे वाक्य मी स्वतःला किती वर्षं ऐकवलं! आपल्याच देशात नोकरीला आलेल्या परक्यांच्या खोलीत, ज्यांची भाषा येत नाही अशा माणसांत बसल्यावर, सगळे आपल्याकडे बघून हसायला लागले तर तुम्ही काय कराल? उठून जाल? तो एकदा उठून गेलाही. आम्ही म्हटलं, नमाजाची वेळ झाली असेल.

आता आग. टाळून चालणार नाही.

सकाळची वेळ. एक मोठी जीप पिटवर, म्हणजे ज्यात उतरून गाडीखाली काम करतात त्या खड्ड्यावर घेतली होती. खाली वसंत. लांज्याचा, नुकतंच लग्न करून परत आलेला. तो पेट्रोलची टाकी उतरवत होता. टाकी निसटली, पेट्रोल सांडलं, आणि वायरला लटकवलेला दिवा खड्ड्यात पडून फुटला. भप्प! असा आवाज आला आणि खड्ड्याच्या तोंडाशी ज्वाळा दिसली. पलीकडच्या कोरड्या टोकाला वसंत, पायांवर टाकी. तो ओरडत होता. दोन पोरं लोखंडी शिडीकडे धावली, एकानं पाय ठेवला आणि झटका बसून मागे फेकला गेला — शिडीच्या पायाशी नेहमीचं तेलकट पाणी, त्यात फुटलेल्या दिव्याची जिवंत वायर. वीज बंद झाल्याशिवाय कुणाला खाली उतरता येणार नव्हतं.

मी माझ्या केबिनच्या दारात होतो. आग विझवायचं नळकांडं माझ्या खांद्याला लागेल इतक्या जवळ, भिंतीला अडकवलेलं.

मी पळालो.

विचार करून पळालो नाही. पायच निघाले. मागच्या दारानं शेडच्या बाहेर, पत्र्याच्या पडवीखाली, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. माझ्या घशातून एक आवाज येत होता — बारीक, चिरका. तो मी ओळखला. तो मी इतके शुक्रवार काढत आलो होतो.

आणि जिथं उभा राहिलो होतो ना, तिथंच बाजूला, हात लांबवला असता तर लागला असता इतक्या अंतरावर, गॅरेजचा विजेचा बोर्ड होता. मेन स्विच. मला ते माहीत होतं. तो तिथं बसवून घेतला होता मीच. मी त्याच्याकडे बघत होतो. हात उचलला नाही.

तेवढ्यात आतून जुमाचा आवाज आला. मी त्याला त्या आधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. “मोटो! मोटो!” असं ओरडत तो धुरातून मागच्या दारानं बाहेर आला. मला बघून म्हणाला, “मेन! मुहंदिस, मेन!” मी हललो नाही. त्यानं मला खांद्यानं बाजूला सारलं आणि स्विच खाली ओढला. शेडमधले दिवे गेले, कॉम्प्रेसरची घरघर थांबली. एक क्षण तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मग वाळूची बादली उचलून आत पळाला.

आतल्या पोरांना हे काही दिसलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच — जुमा काहीतरी ओरडत बाहेर पळाला. मग दिवे गेले. मग त्यांनी उतरून वसंतला ओढून काढला. दिवे कसे गेले? फ्यूज उडाला असणार. वाळू कुणी टाकली? त्या धुरात कुणी बघितलं? आणि मी? अंधार झाल्यावर मी आत आलो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, “बाजूला व्हा, हवा येऊ द्या! गाडी काढा कुणीतरी!” धुरात, गोंधळात, मी मधे काही वेळ नव्हतो हे कुणाच्या लक्षात येणार? साहेब तर इथंच होते. साहेब आवाज देत होते.

वसंत वाचला. पाय भाजले होते. बरेच महिने गेले, मग तो लंगडत गावी गेला तो परत आला नाही.

त्या संध्याकाळी खोलीवर पोरं संतापली होती. जुमाचा तो ‘मोटो’ सगळ्यांनी ऐकला होता आणि प्रत्येकानं तो एकाच रीतीनं ऐकला — मोटार. “माणूस जळता, आणि ह्येका मोटारीची पडली!” कुडाळचा बाबल थुंकून म्हणाला. “मोटार मोटार करीत पळालो तो मेलो.” सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय म्हणालो?

चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी अर्बाबनं आम्हाला त्याच्या ऑफिसात बोलावलं. म्हातारा, भला माणूस. आमच्याशी तुटक्या हिंदीत बोलायचा. पोरांनी जे पाहिलं ते सांगितलं — जुमा पळाला. मग त्यानं जुमाला विचारलं. जुमा उभा राहून, त्याच्या खालच्या आवाजात, आम्हालाही कळावं म्हणून हिंदीत म्हणाला, हो, मी पळालो, मेन बंद करायला पळालो, मीच बंद केला. पोरं एकमेकांकडे बघून हसली. हसणारच. ते दृश्य त्यांनी कितीदा पाहिलं होतं — काळा माणूस किंचाळतो, पळतो, टेबलाखाली शिरतो आणि मग बाहेर येऊन बढाया मारतो. मीच दाखवलं होतं.

अर्बाब माझ्याकडे वळला. “मुहंदिस, तुम देखा? जुमा बोर्ड के पास गया?”

बघा, किती सोपा प्रश्न. पण मी ‘हो’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता — तू कुठून पाहिलंस? तो बोर्डापाशी होता हे सांगायचं तर मी बोर्डापाशी होतो हे सांगावं लागत होतं. आणि मग, मी तिथं असताना स्विच ओढायला त्याला आतून का यावं लागलं?

जुमानं माझं नाव घेतलं नव्हतं. हे मला तेव्हाही कळलं. ‘मुहंदिस तिथंच होता, त्याला विचारा’ एवढं म्हणाला असता तर संपलं होतं. तो म्हणाला नाही. तो फक्त माझ्याकडे बघत होता, शांतपणे — मी सांगेनच अशा खात्रीनं.

“नहीं अर्बाब,” मी म्हणालो. “मैंने नहीं देखा.”

लोक म्हणतील — ओमानी माणसं आपल्या जागा घेत होती, तो फोरमन झाला असता तर पुढे तुझ्याच खुर्चीवर बसला असता, म्हणून तू हे केलंस. तसं असतं तर निदान मी हिशोबी तरी ठरलो असतो. तसं नव्हतं. मला फक्त त्या पोरांसमोर पळपुटा व्हायचं नव्हतं. आणि खोलीत एक पळपुटा आधीच तयार होता — बसवलेला, रंगवलेला, सगळ्यांच्या ओळखीचा. मला नवीन काही रचावंच लागलं नाही.

जुमाला नोकरीवरून काढलं नाही. फोरमन मात्र दुसरा झाला, आणि त्याला मस्कतपासून दूर, निझवा गावच्या शाखेत स्पेअर पार्टच्या काउंटरवर पाठवलं. एव्हाना त्याचं नाव ‘मोटो’ पडलं होतं. तो शेडमधून चालला की कुठल्यातरी गाडीखालून आवाज यायचा — “मोटोऽऽ!” तो थांबायचा नाही.

तो निझवाला जाणार त्या दिवशी अर्बाबनं सगळ्यांना जेवण दिलं. शेडमध्येच सतरंज्या, मोठ्या परातींत बिर्याणी. जेवणं झाल्यावर पोरं सुरू झाली. “साहेबानू, मोटो करा मा! शेवटचा!” जुमा समोर बसला होता. मी नको म्हणायला हवं होतं. मी थोडे आढेवेढे घेतले — कलाकार घेतात तसे — आणि उठलो. तव्याखालची काजळी बोटावर घेऊन गालांना लावली. हो, तेही केलं. डोळे बाहेर, हात हवेत, आणि ‘मोटो! मोटो!’ करत परातींमधून धावत गेलो, एका पिंपामागे लपलो, तिथून डोकं काढून जीपला मिठी मारली — मोटार वाचली! हशा थांबेना. हिंदी येणारे, मल्याळी, पाकिस्तानी, सगळे हसत होते.

हशा ओसरल्यावर जुमा बोलला. मोठ्यानं नाही. बसल्या जागेवरून.

“मोटो मतलब आग,” तो म्हणाला. “हमारी भाषा में. मैं आग बोला था.”

आणि मग — मग आधीपेक्षा मोठा हशा. तो इतक्या गंभीरपणे म्हणाला म्हणूनच. सिनेमातला काळा माणूस गंभीरपणे बोलला की तोच तर सगळ्यात मोठा विनोद असतो ना? बाबलनं मांडी थोपटली. “आग बोला था!” आणि मी, गालांवर काजळी, माझ्या त्या चिरक्या आवाजात ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. “मैं आग बोला था!”

जुमा उठला, सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याशीही. त्याच्या हाताला माझ्या बोटांची काजळी लागली. ती त्यानं रुमालानं पुसली आणि तो गेला.

इथं थांबलो असतो तरी एक वेळ म्हणता आलं असतं की भीती होती, गडबड होती. मी थांबलो नाही. शब्दाचा अर्थ कळल्यावरसुद्धा मी ती नक्कल करत राहिलो. मराठी मंडळींच्या स्नेहसंमेलनात केली. भाच्याच्या लग्नात, रत्नागिरीत, मांडवात केली — ‘मामा, तो ओमानचा मोटो!’ ‘मैं आग बोला था’ हा आता तिचा शेवट झाला होता. तिथं हमखास टाळी पडायची. आणि प्रत्येक वेळी करताना माझ्या पाठीला तो पडवीचा पत्रा, ती भिंत जाणवायची. तरी करायचो. का? थांबलो तर कुणी विचारेल, का थांबला, अशी भीती? की करत राहिलो म्हणजे ते खरंच तसंच घडलं होतं असं होईल? मला अजून सांगता येत नाही.

एकदा अशाच एका कार्यक्रमाहून परत येताना गाडीत माझी बायको — ती आता नाही — खिडकीबाहेर बघत म्हणाली, “अहो, त्या माणसाला बायकामुलं आहेत का हो?” मला माहीत नव्हतं. त्याच्या पापण्या कशा फडफडतात ते मी लोकांना दाखवत होतो — म्हणजे फडफडत नव्हत्याच — आणि त्याला मुलं किती, हे मी कधी विचारलं नव्हतं. “असतील,” मी म्हणालो. ती म्हणाली, “पुरे करा आता ते.” मी तिच्यावर चिडलो.

निवृत्त व्हायच्या आधी मी एकदा निझवाला गेलो. सांगायला म्हणूनच गेलो. रस्ताभर वाक्य घोकत होतो, हिंदीतच, कारण आम्ही हिंदीतच बोलायचो. लहान वाक्य. दुकान सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, बाजूला. तो काउंटरमागे होता. दाढी पांढरी झालेली. मला बघून उभा राहिला.

“अहलन मुहंदिस!”

त्यानं मला खुर्ची दिली. आधी बसवलं, मग पाणी दिलं, मग कहवा आणि खजूर. त्यानं माझ्या मुलाची चौकशी केली, नावानं. मी या खेपेस त्याच्या मुलांची केली. एक मुलगी शिक्षिका आहे म्हणाला. वसंत कसा आहे, हेही त्यानं विचारलं. “ठीक है,” मी म्हणालो. वसंत अजून मानतो की हा त्याला जळता सोडून मोटारीसाठी ओरडत होता — हे मी म्हणालो नाही. गिऱ्हाईक आलं, गेलं. दुसरं आलं, गेलं. मग दुकानात आम्ही दोघंच राहिलो आणि त्यानं दोन्ही हात काउंटरवर ठेवले.

“बोलो, मुहंदिस.”

तो थांबला होता. मला वाटतं, त्याला कळलं होतं मी कशाला आलोय. इतक्या लांब कोण येतं उगाच? मी तोंड उघडलं.

“फॅन बेल्ट,” मी म्हणालो.

त्यानं गाडी कुठली ते विचारलं. मी सांगितली, ती गाडी मी केव्हाच विकली होती. तो स्टुलावर चढला, वरच्या खणातून बेल्ट काढला, धूळ पुसली, माझ्यासमोर ठेवला. माझ्याकडे बघितलं. “और कुछ?”

“नहीं. खलास.”

जुमा अजून आहे. निझवालाच आहे, मुलीकडे. आमच्या गॅरेजचा एक जुना माणूस अधूनमधून त्याला भेटतो, तो सांगतो. घुब्राहून निझवाला रस्ता सरळ आहे. मुलाला म्हटलं तर तो या शुक्रवारी घेऊन जाईल, ईराही येईल किल्ला बघायला. हे सगळं मला माहीत आहे. आणि तरी मी इथं टेबलाशी बसून लिहितोय. लिहितोयही कुठल्या भाषेत? त्याच्यासमोर बसून मी त्याची टर उडवली ती त्याला न कळणाऱ्या भाषेत, आणि आता कबूल करतोय तेही त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत. हे लिहायला लागल्यापासून मला हे दिसत होतं. मी लिहीत राहिलो.

तेव्हा ते वाक्य तरी त्याला कळेल अशा भाषेत लिहितो. त्या दिवशी रस्ताभर घोकलं होतं तसंच. दुकानात म्हणता आलं नाही ते.

जुमा, मेन तूने बंद किया था. मैं वहीं खड़ा था. मैंने देखा था.